मुक्त गोठ्याचं कुंपण: वडूजजवळच्या रानातल्या नोंदी

5 जानेवारी 2025

पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेतून काल आलो. जनावर घ्यायचं नव्हतंच. दोन दिवस बाजारात फिरलो आणि मुक्त गोठा (जनावरं दाव्याला न बांधता कुंपणात मोकळी) केलेले चार-पाच जण गाठून विचारत बसलो. सगळे गाईंचं सांगतात, दुधाचं सांगतात. कुंपणाचं विचारलं की "जाळी मारली" म्हणून मोकळे होतात. म्हणून ही वही. खटाव-माणात असंच काम काढणाऱ्याला निदान आमच्या चुका तरी पुन्हा करायला लागू नयेत.

आमची जनावरं अशी: पाच एचएफ (होल्स्टीन फ्रीजियन) संकरित गाई, दोन जर्सी संकरित, एक खिलार, एक पंढरपुरी म्हैस आणि तीन कालवडी. एचएफ आणि जर्सी लहानपणीच शिंगं जाळलेल्या आहेत. खिलार म्हणजे हरणी, आण्णांनी म्हसवडच्या बाजूनं कालवड असताना आणलेली. तिचं दूध घरच्यापुरतं, पण तिच्या पोटचे दोन खोंड चांगल्या किमतीला गेले.

जागा 60 बाय 40 फूट. नऊ मोठ्या जनावरांना प्रत्येकी अडीचशे चौरस फुटांच्या वर येते. 60 फुटांची पुढची बाजू गव्हाणीची, तिथं फक्त पाइप. उरलेल्या तीन बाजूंना जाळी. अंदाज 40,000 रुपये.

आण्णांनी संध्याकाळी एकच विचारलं, "कुंपण कुणासाठी घालतोयस? बांडीसाठी का हरणीसाठी?" बांडी म्हणजे आमची एक एचएफ गाय. मी म्हणालो, "सगळ्यांसाठीच की." ते पुढं काही बोलले नाहीत.

9 जानेवारी

दोरी लावून आखणी केली. पश्चिमेला चुलत्यांचा बांध. बांधाच्या अंगालाच खांब घेतले तर जागा जास्त मिळते, पण मी दोन फूट आत सरकलो. पुढं जाळी ओढायला, तण काढायला, खांब बदलायला आपल्याच रानात उभं राहता आलं पाहिजे. शिवाय बांधावरून भाऊकीत वाकडं आलेलं कुणालाच नको. चुलत्यांना बोलावून, दोरी दाखवून, मगच फक्की टाकली.

18 जानेवारी

संक्रांतीनं दोन-तीन दिवस खाल्ले. सिमेंटचे सात फुटी 19 खांब आले, नगाला 330 रुपये. दोन खांबांत आठ फूट. सगळीकडं दोन फूट खड्डा, वर पाच फूट.

वरच्या अंगाला मुरूम आहे, तिथं पहारीनं हात भरून आले. खालच्या अंगाला काळं रान, तिथं खड्डे पटापट झाले म्हणून बरं वाटलं. शेजारचे तात्या बघून म्हणाले, "काळ्यात तीन फूट जा, आणि खड्ड्यात मातीऐवजी मुरूम भर." पण सात फुटी खांब तीन फूट गाडला तर वर चारच फूट राहतो. आठ फुटी खांब परत आणायला गाडीभाडं पडलं असतं. मी तसंच रेटलं. (27 मेची नोंद बघा.)

27 जानेवारी

आजचा दिवस वाया गेला आणि चूक सरळ माझी आहे. काँक्रीट 24 तारखेला भरलं आणि आज जाळी ओढायला घेतली. गवंडी म्हणत होता सात दिवस पाणी मारा, मग ताण द्या. माणसं मिळाली होती म्हणून घाई केली. जाळी ताणली तसा ईशान्येचा कोपऱ्याचा खांब चार इंच आत झुकला आणि बुडाचं काँक्रीट तडकलं.

कोपऱ्याच्या खांबावर दोन्ही बाजूंची ओढ येते. मधल्या खांबासारखा तो नुसता उभा करून चालत नाही. खांब उपसून नवा खड्डा घेतला, अडीच फूट खोल आणि रुंद. दोन्ही दिशांना तिरपे टेकू दिले, टेकूंची बुडंही काँक्रीटमध्ये. बाकीच्या कोपऱ्यांना आणि फाटकाच्या दोन्ही खांबांना तसेच टेकू लावले. सिमेंटच्या दोन गोण्या जादा लागल्या. आता दहा दिवस जाळीला हात लावायचा नाही.

7 फेब्रुवारी

जाळी झाली. 12 गेज, तीन इंची चौकट, पाच फूट उंच, 50 फुटांचे तीन गुंडाळे, वजन 84 किलो, 95 रुपयांनी 7,980. 10 गेज घ्यावी का यावर दुकानात बराच वेळ घातला. ती तार जाड, म्हणजे त्याच लांबीला वजन जवळजवळ दीडपट आणि पैसेही तसेच. 12 वर थांबलो.

गव्हाणीच्या बाजूला बोअरचे जुने पाइप लावले. सहा नग, 120 किलो, 55 रुपयांनी. बोअरचा जुना पाइप गोठ्याला फार चांगला. जाड असतो, फक्त वेल्डिंगच्या आधी आतला गंज ठोकून काढावा. मानेच्या वरचा पाइप चार फुटांवर ठेवला. फाटक दहा फुटी, ट्रॉली आत जाईल असं.

8 फेब्रुवारी

सकाळी धारा काढून सगळी जनावरं सोडली. आई ओवाळायचं ताट घेऊन उभी होती. सात-आठ वर्षं दाव्याला असलेली बांडी पहिली पंधरा मिनिटं जागची हललीच नाही, दावं सुटलंय हेच तिला कळेना. मग एकदम शेपूट वर करून धावली. ते बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

दुपारी ढुशा सुरू झाल्या. पहिल्या दिवशी थोरली-धाकटी ठरेपर्यंत हे होणार असं सगळ्यांनी सांगितलं होतं. हरणी मात्र भांडत नव्हती. ती कुंपणाच्या कडेनं मान वर करून एकसारखी फेऱ्या मारत होती.

9 फेब्रुवारी

पहाटे साडेचारला हरणी बाहेर. चार फुटांच्या पाइपावरून उडी मारून गेली होती, गव्हाणीत एका खुराचा ठसा होता. सापडली कुठं, तर जुन्या गोठ्यात तिच्या खुंट्यापाशी, उभीच. आत परत घातली. तासाभरात पाण्याच्या टाकीपाशी तिनं एका एचएफला शिंग मारलं, मागच्या पायाच्या पुढं, कासेपासून चार बोटांवर. सहा टाके पडले. चार बोटं खाली लागलं असतं तर एक सड कायमचा गेला असता.

यात हरणीचा काही दोष नाही. खिलार अंगानं हलकी, पायानं चपळ, सावध. औताला आणि पळायला शेकडो वर्षं निवडत आलेलं हे जनावर. अनोळखी गुरांच्या घोळक्यात, चारही बाजूंनी बंद जागेत, ती अंग टाकून बसणार नाही. आणि तिला सहा फुटांचं कुंपण घालायला निघालो तर उरलेल्या सात गाईंसाठी त्या पैशाचा काही उपयोग नाही. एचएफनं आजवर पाय उचलून काही ओलांडलेलं मी पाहिलेलं नाही. ती उडी मारत नाही, ती रेटते.

आण्णांनी हरणीला दावं लावलं, पाठीवर हात फिरवला. त्यांच्या प्रश्नाचा अर्थ मला आज कळला.

12 फेब्रुवारी

म्हैस. पंढरपुरीची शिंगं लांब, मागं खांद्याच्याही पलीकडं गेलेली. मान खाजवताना शिंगाचं टोक जाळीच्या चौकटीत अडकलं. सोडवायला तिनं मान पिळली आणि एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंतची जाळी उभी फाटली. नशीब, शिंग शाबूत राहिलं. बायकोनं आधी तिचे डोळे पोत्यानं झाकले, मग मी पक्कडनं तारा तोडल्या. डोळे झाकल्याबरोबर ती शांत उभी राहिली.

आता ठरलं: शिंगाची जनावरं दावणीला, बिनशिंगाची मोकळी. हरणी आणि म्हैस जुन्या गोठ्यात शेजारी-शेजारी, दिवसातून दोनदा रानात फिरवायची. ज्यांना म्हशीच मोकळ्या ठेवायच्या आहेत त्यांनी जाळीचा विचार करू नये. दगडी गडगा किंवा नुसते आडवे पाइप बघावेत, जिथं शिंगाचं टोक शिरून अडकणार नाही.

22 फेब्रुवारी

दोन आठवड्यांत जाळीला पोट आलं. सगळीकडं नाही, तीनच ठिकाणी: पाण्याच्या टाकीमागं, फाटकाशेजारी आणि पूर्वेला कडुलिंबाच्या सावलीत. लिंबाचं झाड आत घेतलं याचा मला आनंद होता. पण दुपारनंतर त्याची सावली जाळीच्या कडेला सरकते आणि सगळ्या एचएफ तिथं गोळा होऊन जाळीला टेकतात. एकीचं वजन साडेचारशे किलो धरा, चार गाई टेकल्या की 12 गेजची काय कथा.

दुसरी चूक त्याहून साधी. जाळी मी खांबांच्या बाहेरच्या अंगानं बांधली होती, रस्त्यावरून चांगली दिसावी म्हणून. जनावर आतून रेटतं. जाळी बाहेर असली की सगळा भार बांधायच्या तारेवर येतो, ती तुटते आणि जाळी सुटते. जाळी आतल्या अंगाला असती तर तोच भार खांबावर गेला असता. सगळी जाळी सोडून आतून बांधली. दोन दिवस, दोन माणसं.

जाळीच्या आत साडेतीन फुटांवर, म्हणजे गाय अंग टेकते तिथं, सगळीकडं बोअरचा पाइप फिरवला. सात नग, 7,700 रुपये. लिंबाखाली गुडघ्याच्या उंचीवर दुसरा पाइप हवा होता, तो वेल्डरकडच्या उरलेल्या तुकड्यांतून निघाला. आता गाय पाइपाला टेकते, जाळी नुसती कुत्र्यांना अडवायला उरली. हे आधी कळलं असतं तर 12 गेजच घेतली असती, पण पाइप पहिल्याच दिवशी लावला असता.

आणि गाईंना खाजवायला काही द्या. आम्ही जुन्या टायरचा पट्टा खांबाला गुंडाळला. रांग लागते.

5 मार्च

ही नोंद लिहायला जड जातंय.

काळी गाय, सातव्या महिन्यात गाभण, दोन तारखेपासून वैरण टाकत होती. पाठ कमानीसारखी, पुढचे कोपर बाहेर काढून उभी. बसताना कण्हायची. मुरमाच्या उतारावरून खाली यायला तयार नाही. शेण थोडं आणि चिकट. मला वाटलं अपचन, एक दिवस घरगुती औषधात घालवला. डॉक्टर आले, ताप 103.5. छातीच्या हाडामागं मूठ दाबली तशी ती कण्हली. त्यांनी विचारलं, "इथं एवढ्यात तारेचं काम झालंय का?"

जाळी सोडून परत बांधली तेव्हा बांधायच्या तारेचे तुटके तुकडे आम्ही तिथंच टाकले होते. एक-दीड इंचाचे. वाऱ्यानं, पायांनी, झाडूनं ते गव्हाणीत गेले. गाय वैरण चावून निवडत नाही, जिभेनं ओढून गिळते. तार जाळीदार पोटात, म्हणजे पोटाच्या पुढच्या कप्प्यात, जाऊन बसते. पोटातलं वासरू मोठं झालं की ते दाबतं आणि टोक पुढं सरकतं. पुढं पोट आणि छातीमधला पडदा, पडद्यापलीकडं काळीज. डॉक्टर म्हणाले, तिथवर गेली की आमच्या हातात काही राहत नाही.

त्यांनी बोटाएवढं लोहचुंबक तोंडावाटे पोटात सोडलं. ते तिथंच राहतं आणि तारा धरून ठेवतं. पाच दिवस इंजेक्शनं. पुढचे पाय आठ इंच उंच राहतील असा मुरमाचा आणि फळ्यांचा ओटा करून तिला त्यावर बांधली. आज दुखण्याचा चौथा दिवस, सकाळी तिनं मुरघासाची अर्धी पाटी खाल्ली.

काल आम्ही सगळे, आईसकट, गोठ्याची इंच-इंच जागा झाडत होतो. स्पीकरची जुनी चुंबकं दोरीला बांधून ओढली. रात्री तुकडे वजनकाट्यावर टाकले: एक किलो 400 ग्रॅम. त्या ढिगाकडं मला बघवेना.

जाळीचं काम काढणाऱ्यानं एवढं तरी करावं. काम चालू असताना कमरेला डबा बांधा. तोडलेला प्रत्येक तुकडा डब्यात. रोज संध्याकाळी चुंबक फिरवा. काम पूर्ण होऊन दोनदा झाडून होईपर्यंत जनावर आत घालू नका. डॉक्टर आणि औषधं मिळून आमचे 4,200 रुपये गेले, पण प्रश्न पैशाचा नव्हता.

30 मार्च

काळी पूर्ण बरी. जनावरं मोकळी सोडायच्या आधी गोठ्याचं दूध दिवसाला 58 लिटर होतं, ढुशांच्या आठवड्यात 52 वर आलं, आता 60 आहे.

रात्री फाटक उघडं. जर्सीनं. कडी जिभेनं उचलून सरकवते, दुसऱ्या दिवशी लपून बघितलं. एचएफ फाटकासमोर तासन्‌तास उभी राहील, पण कडीकडं तिचं लक्ष जात नाही. जर्सी लहानखुरी, चौकस, प्रत्येक वस्तू चाटून बघते. दोन गुंठे मका तुडवला. आता कडी बाहेरच्या बाजूनं आणि वर खिट्टी.

कालवडींचा कप्पाही आज केला. मोठ्यांच्या पाइपाखालून त्या सहज निघतात, म्हणून उरलेली जाळी खालून जमिनीत अर्धा फूट गाडून लावली. गाडायचं कारण कुत्री. आमच्याकडं मोकाट कुत्र्यांनी नवजात वासरं ओढून नेलेली आहेत.

20 एप्रिल

लसूणघासाच्या पट्ट्यात गाई चारायला सोडायच्या आणि मक्यात येणारी रानडुकरं अडवायची, म्हणून सौर झटका मशीन घेतलं. तार आणि इन्सुलेटरसकट 9,500. ते साधारण सेकंदाला एक झटका देतं. दाब मोठा पण क्षणभरच, म्हणून जनावर दचकतं, मरत नाही.

पहिले चार दिवस झटका लागतच नव्हता. मशीन खराब समजून दुकानात नेलं, तिथं व्यवस्थित चाललं. दोष अर्थिंगचा होता. एप्रिलमधल्या कोरड्या मुरमात एकच सळई ठोकली होती. झटका जनावराच्या अंगातून जमिनीत आणि जमिनीतून मशीनकडं परत यायचा असतो, जमीन कोरडी ठक्क असेल तर वाट बंद. टाकीचं पाणी सांडतं तिथल्या ओलीत पाच फुटी तीन सळया दहा-दहा फुटांवर ठोकून जोडल्या. टेस्टर लगेच पेटला. तारेला टेकलेलं गवतही झटका खातं, आठवड्याला कापावं लागतं.

गाईंना तार ओळखायला शिकवावी लागते. आधी पाइपाच्या आत, फूटभर पुढं एक तार लावली. नाक लावलं, दचकली, मागं सरली. प्रत्येकीला एकदाच पुरलं. सरळ मोकळ्या रानात तार लावली असती तर दचकून पुढंच पळाली असती. गाईंना अडीच फुटांवर एक तार बास. डुकरांसाठी आठ आणि अठरा इंचांवर दोन.

काही जण मशीनचे पैसे वाचवायला लाइटची तार थेट कुंपणाला जोडतात. हात जोडून सांगतो, हे करू नका. त्यानं डुकराच्या आधी माणूस मरतो, पहाटे पाणी धरायला निघालेला आपलाच शेजारी. तो गुन्हा आहे.

27 मे

यंदा मोसमी पाऊस कालच मुंबईत पोचला. आमच्याकडं तर त्याच्या आधीपासूनच धो-धो. खटाव-माणात मे महिन्यात ओढे वाहताना मी कधी बघितले नव्हते.

खालच्या अंगाचे पाच खांब कलले. काळं रान उन्हाळाभर भेगाळून उभं होतं, पाणी भेगांतून थेट खड्ड्यात गेलं आणि माती फुगली. वरच्या मुरमातला एकही खांब हललेला नाही. तात्या बघायला आले, पण "सांगितलं होतं" असं एकदाही म्हणाले नाहीत. उलट पहार घेऊन स्वतः उतरले.

चिखलात नवा खड्डा होत नाही. तूर्त दोर आणि लाकडी टेकू लावलेत.

काळी 10 तारखेला व्याली. कालवड आहे. डॉक्टर म्हणतात तिच्या पोटातलं चुंबक तसंच राहू द्यायचं, त्रास नाही.

13 जुलै

बेंदूर झाला. हरणीची शिंगं आण्णांनी स्वतः रंगवली. मोकळ्या गाईंनाही या वर्षी झूल घातली, त्यांनी ती अर्ध्या तासात पाइपाला घासून काढली.

मधल्या उघडिपीत पाच खांब काढून तीन फूट खोल घेतले, भोवती मुरूम कुटून भरला. वरची उंची फूटभर कमी झाली, तिथं पाइपाचा तुकडा वेल्ड करून जाळीला आधार दिला. मजुरी 1,600.

आजवरचा खर्च: खांब 6,270, जाळी 7,980, गव्हाणीचे पाइप 6,600, आतले पाइप 7,700, सिमेंट 2,960, वाळू-खडी 4,500, वेल्डर आणि मजुरी 11,000, फाटक 6,500, झटका मशीन 9,500, काळीचं औषधपाणी 4,200, खांब दुरुस्ती 1,600. एकूण 68,810. आमची स्वतःची अंगमेहनत यात धरलेली नाही. अंदाज 40,000 चा होता.

राहिलेली कामं: फाटकासमोरचा चिखल, तिथं डबर टाकून मुरूम पसरायचा आहे. गाईंच्या खुरांत चिखल साचून दोघी लंगडतायत. लिंबाच्या सावलीपुरती शेडनेट मधोमध घ्यायची, म्हणजे गोळा व्हायला त्यांना कुंपणाची कड लागणार नाही. आणि हरणीचा जुना गोठा गळतो. आण्णा म्हणतात, आधी तो शाकारायचा. उद्या पत्रे बघायला वडूजला जातोय.